सव्वा इंचाचा हिशोब

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला भाव शिकवावा लागत नाही, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. वस्तू केवढ्याला मिळते हे त्याला लवकर कळते. ती केवढ्याला पडते हे कळायला मात्र पुष्कळदा उशीर लागतो. जयसिंगपुरातील एका मोटार-पार्टच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला आणि पुढे नोकरीसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीत गेलेला एक तरुण हे शिकला, तो एका जुन्या स्पोर्ट्स कारची उंची कमी करण्याच्या नादात. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. येथेही तेवढी ओळख पुरे.

दुकान वडिलांचे; त्यांना सारे अण्णा म्हणतात. चाळीस वर्षे ते त्या एकाच गल्ल्यावर बसत आले आहेत. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे पाटे तुटू लागतात आणि दुकानात पहाटेपासून ड्रायव्हर उभे राहतात. त्यांतला एखादा म्हणतो, "अण्णा, एक पाटा जादाच द्या. पुन्हा मोडायची कटकट नको." अण्णांचा त्यावर ठरलेला प्रश्न असे, "परत येताना गाडी रिकामीच येते ना?" जादा पाटा टाकला, की भरलेली गाडी भार नीट पेलते, पण तीच गाडी रिकामी असताना प्रत्येक खड्ड्यावर उडते, नट ढिले होतात आणि ड्रायव्हरची कंबर जाते. म्हणून ते एक पाटा कमी विकीत. धाकट्याने लहानपणी हा संवाद शेकडो वेळा ऐकला होता. ऐकला होता, इतकेच. त्याकडे लक्ष कधी दिले नव्हते.

दुकान थोरल्या भावाने सांभाळले. धाकटा शिकला, परदेशी गेला. तेथे तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःच्या पगारातून एक जुनी गाडी घेतली : माझदा एमएक्स-५, जिला अमेरिकेत सर्वजण मियाटा म्हणतात. ही गाडी प्रथम जगापुढे आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. एके काळी इंग्लंडमध्ये लोटस एलानसारख्या छोट्या, हलक्या, उघड्या टपाच्या गाड्या होत. त्यांचा आनंद कायम ठेवायचा आणि त्यांची कुरकुर मात्र घ्यायची नाही, असा जपानी अभियंत्यांचा विचार होता. घोडा आणि स्वार एकजीव असावेत, अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा शब्द त्यांनी या गाडीसाठी वापरला. २०१६ मध्ये या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. धाकट्याची गाडी दुसऱ्या पिढीची, १९९९ सालची; इंजिन १.८ लिटरचे, वजन सुमारे १,०५० किलो, आसने दोनच. सून पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा हसून म्हणाली, "सासूबाईंचे लोणच्याचे डबे ठेवायला तरी जागा आहे का हिच्यात?"

एकच गोष्ट धाकट्याला खटके. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटे फट होती. गाडी उंच टाचेच्या चपलांवर उभी असल्यासारखी दिसे. रविवारी सकाळी इतर हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमत, तेव्हा त्यांच्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या असत. गाडी खाली आली, की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो, हे कारण खरेच होते. परंतु मुख्य कारण फट हेच होते, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले.

असे करण्याचा रूढ मार्ग म्हणजे कॉइलओव्हर. शॉक ॲब्सॉर्बरच्या भोवती गुंडाळी स्प्रिंग बसवलेली असते. मियाटाची मूळ रचनाही तशीच आहे. फरक इतकाच, की बाजारातील कॉइलओव्हरमध्ये शॉकच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगखालची बैठक त्या आट्यांवर वरखाली फिरवता येते. बैठक खाली घेतली, की गाडी खाली बसते. येथे दोन कामे दोघांची आहेत, हे ध्यानात ठेवावे. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग उसळी मारून डोलत राहू नये म्हणून तिला आवरतो तो शॉक. एक बळाचा धनी, दुसरा संयमाचा. दोघांचे जमले नाही, तर घर चालत नाही.

बाजारात किमतींचे तीन थर होते. तीन-चारशे डॉलरपासून पुढे अनोळखी नावांचे संच. हजाराच्या आसपास मधले. आणि दोन-तीन हजारांपर्यंत जाणारे, स्वीडनच्या ओलिन्ससारख्या नामांकित घराण्यांचे. धाकट्याने पहिल्या थरातला, ४२० डॉलरचा संच घेतला. निळ्या रंगाचा, चकचकीत. शॉकच्या माथ्यावर ताठरपणा बदलण्याची कळ, तिला बत्तीस टप्पे. डब्यावर 'मोनोट्यूब' असे ठळक अक्षरांत छापलेले. एकाच नळीत तेल आणि दाबलेला वायू ठेवण्याची ती पद्धत उत्तम आहे, यात शंका नाही. १९५७ मध्ये बिलस्टाइन या जर्मन कंपनीने मर्सिडीजच्या गाड्यांसाठी तसे शॉक मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. परंतु पद्धतीचे नाव म्हणजे मालाची प्रत नव्हे. आतला व्हॉल्व्ह आणि तेल अडवणारे सील कसे आहेत, हे डबा सांगत नाही.

त्याच आठवड्यात घरी फोन झाला. गाडीचे स्प्रिंग बदलतो आहे म्हटल्यावर अण्णांनी उत्साहाने विचारले, "भार किती आहे रे गाडीचा? स्प्रिंग किती किलोची घेतलीस?"

धाकटा घाईत होता. तो म्हणाला, "अण्णा, हे तुमच्या पाट्यांचे काम नव्हे. हे वेगळे असते."

"बरं, बाळ," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

पहिले काही आठवडे गाडी देखणी दिसली. ती मूळ उंचीपेक्षा अडीच इंच खाली बसली होती. रविवारच्या मंडळींनी मान डोलावली. मग हिवाळा आला. तेथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आट्यांत शिरले आणि मार्चपर्यंत बैठकीचे नट असे गंजून धरले, की पाना लावूनही हलेनात. उंची बदलता येते म्हणून घेतलेला संच आता एकाच उंचीवर कायमचा अडकला. वसंतात बर्फाने उखडलेले खड्डे उघडे पडले, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला खालून 'ठक' असा कोरडा आवाज येऊ लागला. सून एकटी कुठे जायची असली, की आपली साधी गाडीच काढी. मागच्या टायरांच्या आतल्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नव्हते.

ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी संध्याकाळी दोघे घरी परतत होते. महामार्गावरून खाली उतरणारे, गोल वळणाचे रस्ते तेथे सर्वत्र असतात. वेग फार नव्हता. वळणाच्या ऐन मध्यावर पुलाचा सांधा होता, बोटभर उंचीचा. मागचे चाक त्यावरून गेले, तोच ओळखीचा 'ठक' झाला आणि गाडीची मागची बाजू सुटली. गाडी अर्धी फिरली, कडेच्या दगडी कठड्याला चाक आपटले आणि उलट तोंड करून थांबली. मागे कोणी नव्हते, म्हणून निभावले. दोघांनाही खरचटलेसुद्धा नाही. सुनेने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. घरी पोहोचेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

काय झाले ते वर्कशॉपमध्ये गाडी उचलल्यावर स्पष्ट झाले. प्रत्येक शॉकच्या दांड्यावर बंप स्टॉप नावाचा एक रबरी ठोकळा असतो. शॉक पुरता दबून लोखंडावर लोखंड आदळू नये, यासाठी तो शेवटचा आधार. मूळ मियाटातच शॉकला दबायला जागा बेताची असते. त्यातून अडीच इंच काढून घेतल्यावर जवळजवळ काहीच उरले नव्हते. गाडी स्प्रिंगवर कमी आणि त्या रबरावर अधिक चालत होती. सरळ रस्त्यावर त्याचा त्रास फक्त कंबरेला होतो. वळणावर मात्र चाक रबरावर टेकताच त्या कोपऱ्याचा ताठरपणा एकदम अनेक पटींनी वाढतो, टायरवर अचानक भार येतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड सुटते. शिवाय मागच्या एका शॉकचे तेल गळून गेले होते. बत्तीस टप्प्यांची कळ त्याच्या माथ्यावर अजून फिरत होती. आत आवरण्यासारखे काही राहिले नव्हते.

धाकट्याने घरी काही सांगितले नाही. सुनेने सासूबाईंना सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच फोन वाजला. जयसिंगपुरात तेव्हा दुपार असते आणि दुकानात गिऱ्हाईक कमी असते.

अण्णांनी आधी दोघांची खुशाली विचारली. गाडीबद्दल ते रागावले नाहीत. थोडे थांबून त्यांनी मागच्या वर्षी अर्धा राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला, "भार किती आहे गाडीचा?"

"रिकामी हजार पन्नास किलो. आम्ही दोघे बसलो, की बाराशेच्या आत."

"आणि स्प्रिंग?"

"पुढे दहा किलो, मागे आठ." दहा किलोची स्प्रिंग म्हणजे दहा किलो वजन ठेवल्यावर एक मिलिमीटर दबणारी. मूळच्या स्प्रिंगपेक्षा ती तिपटीने तरी ताठ होती.

"हे आकडे कोणी ठरवले?"

"ज्यांनी बनवली त्यांनी."

"त्यांनी तुझा रस्ता पाहिला होता का? तुझ्याशेजारी कोण बसणार, हे त्यांना ठाऊक होते का?"

धाकटा गप्प राहिला. अण्णांनी पुढे विचारले, "एक शॉक गळतो म्हणतोस. तो एकटा मिळतो का?"

"नाही. ते लोक सुटा नग देत नाहीत. पूर्ण संच घ्यावा लागेल."

"मग तू चार शॉक घेतलेच नव्हतेस, बाळ. चार तुकड्यांत एकच नग घेतलास. एक तुकडा गेला, की सगळा गेला."

त्यानंतर अण्णांनी त्याला कागद-पेन घ्यायला लावले. संच ४२० डॉलर. बसवण्याची मजुरी ३५०. व्हील अलाइनमेंट १२०. आतून झिजलेले दोन टायर २२०. वाकलेल्या रिमच्या जागी जुनी रिम ११०. बेरीज झाली १,२२० डॉलर आणि माल चालला अकरा महिने. म्हणजे महिन्याला जवळजवळ १११ डॉलर. "चारशे वीस हा त्याचा भाव होता," अण्णा म्हणाले. "तो पडला केवढ्याला, ते हे."

यानंतर दोन महिने धाकट्याने काहीच विकत घेतले नाही. दुकानातल्या वहीसारखी एक वही केली आणि तिला चार रकाने आखले. पहिला : गाडी हव्या त्या उंचीवर आल्यावर शॉकला दबायला किती जागा उरते. दुसरा : स्प्रिंग भाराला साजेशी आहे का आणि शॉक त्या स्प्रिंगला आवरण्याच्या ताकदीचा आहे का. तिसरा : सुटा नग मिळतो का, दुरुस्ती होते का. चौथा : सगळा खर्च धरून महिन्याला किती पडते. 'रूप' असा पाचवा रकाना त्याने आखला होता. नंतर स्वतःच खोडला.

पर्याय त्याने या चार रकान्यांतून एकेक करून काढले. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे मूळ शॉक तसेच ठेवून फक्त आखूड स्प्रिंग बसवणे. परंतु त्याचे मूळ शॉक वीस वर्षांहून जुने, थकलेले होते. आखूड आणि अधिक ताठ स्प्रिंग आवरणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. दुसरा मार्ग मधल्या थरातील तयार कॉइलओव्हरचा. तैवान आणि जपान येथील काही कंपन्यांचे संच हजार डॉलरच्या आगेमागे मिळत. त्यांपैकी अनेकांत एक सोय असते : शॉकचा खालचा पाय वेगळा असून तो आट्यांवर वरखाली होतो. त्यामुळे गाडी खाली घेतली तरी शॉकची दबण्याची जागा शाबूत राहते. या थरात सुटे नग देणाऱ्या आणि दुरुस्ती करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. मात्र स्प्रिंगचे आकडे बहुधा शर्यतीच्या मैदानाकडे डोळा ठेवून निवडलेले असतात. ते आपल्या रस्त्यासाठी बदलून घ्यावे लागतात.

तिसरा मार्ग जुन्या पिढीचा. चांगल्या घराण्याचे शॉक स्वतंत्र घ्यायचे, त्यांच्यावर आटे असलेली नळी चढवायची आणि स्प्रिंग आपल्या भाराप्रमाणे निवडायची. नेदरलँड्सच्या कोनी कंपनीचे पिवळे शॉक या कामासाठी मियाटावाल्यांत फार काळापासून वापरले जातात. त्यांची कळ बत्तीस टप्प्यांची नसते. ती फक्त रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग दबून परत उघडताना तिला आवरण्याचे बळ, कमीअधिक करते. पण जे करते ते हाताला आणि पाठीला जाणवते. येथे मोह एकच टाळायचा असतो. पाय वेगळा नसल्याने गाडी फार खाली घेता येत नाही. घेतली, तर पुन्हा तोच रबरी ठोकळा.

या शोधात धाकट्याला आणखी एक गोष्ट उमगली. सतत खाली, आणखी खाली गेल्याने गाडी वळणावर स्थिर होतेच, असे नाही. मियाटाच्या चारही चाकांना वरखाली दोन-दोन आडवे हात असतात. गाडी फार खाली बसली, की त्या हातांचे कोन बदलतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. दोहोंतील अंतर वाढते आणि गाडी उलट अधिक कलू पाहते. चाकेही आत झुकतात. अलाइनमेंट पुन्हा केले नाही, तर टायरांच्या आतल्या कडा जातात; मागच्या वर्षी नेमके तेच झाले होते.

आता दर शनिवारी फोन होऊ लागला. धाकटा वहीतले वाची, अण्णा ऐकत. एकदा अण्णांनी शंका काढली, "तू सहा किलोची स्प्रिंग म्हणतोस. पुढच्या एका चाकावर तीनशे किलो भार. माझ्या हिशोबाने ही बसते. पण तुझी मूळची तीन किलोची, ती इतकी वर्षे कशी चालली? फार मऊ वाटते."

तेव्हा धाकट्याने त्यांना सांगितले, की स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर नसते. ती आडव्या हातावर, बरीच आत बसवलेली असते. चाक एक इंच वर गेले, तर स्प्रिंग पाऊण इंचाहून थोडी कमीच दबते. चाकाच्या अंगाने पाहिले तर तिचे बळही त्याच प्रमाणात कमी पडते. म्हणून सहा किलोची स्प्रिंग चाकापाशी तीन किलोच्या आसपासच उरते. मूळचीही तशीच निम्म्यावर येते. कंपनीने ती घरगुती, आरामशीर वापरासाठी मऊ ठेवली होती.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "पहारीसारखे आहे. टेकूच्या जवळ धरले, की हालचालही कमी आणि जोरही कमी. एकच माप दोनदा कापले जाते."

"हो, अण्णा. अगदी तसेच."

"आमच्या पाट्याला हे नसते. पाटा सरळ ॲक्सलवर." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "हे मला ठाऊक नव्हते."

चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाने हे चार शब्द किती सहज उच्चारले, याचा विचार धाकटा त्या रात्री पुष्कळ वेळ करीत राहिला. मागच्या वर्षी त्याला स्वतःला ते उच्चारता आले नव्हते. क्षमा मागण्याचा विचारही त्याच्या मनात आला. परंतु त्यांच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवण्याची रीत नाही. त्याने पुढच्या शनिवारी फक्त एवढेच विचारले, "अण्णा, पुढे सहा आणि मागे चार किलो धरली, तर चालेल का?" अण्णांनी होकार देण्यापूर्वी विचारले, "मागे बसणारे कोणी नाही ना? मग चालेल."

शेवटी तिसरा मार्ग ठरला. शॉक ७२० डॉलर, आटेदार नळ्या आणि स्प्रिंग ३१०, नवे बंप स्टॉप आणि माऊंटचे रबर १२०. मिळून १,१५०. अलाइनमेंट दोनदा करायचे ठरले, एकदा बसवल्यावर आणि एकदा काहीशे मैल चालून स्प्रिंग बसल्यावर; त्याचे २४०. एकूण १,३९० डॉलर. पाच वर्षे चालला तरी महिन्याला तेवीस. मजुरी नाही, कारण काम त्याने स्वतः केले, दोन शनिवारांत, गॅरेजमध्ये, समोर फोन उभा करून. पलीकडे थोरला भाऊ आणि दुकानाशेजारचे मिस्त्री बसले होते. आट्यांना गंजरोधक वंगण लावायचे हे धाकट्याला ठाऊक झाले होते. मिठाने ते शिकवलेच होते. पण आडव्या हातांचे बोल्ट तो गाडी जॅकवर असतानाच आवळू लागला, तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला, "थांब! बुशचे बोल्ट आत्ता आवळू नकोस. गाडी चाकांवर उभी राहू दे, भार बसू दे, मग आवळ. नाहीतर रबर पिळलेलेच राहील आणि फाटेल."

हे पाट्यांच्या बुशनाही लागू असते आणि मियाटाच्या बुशनाही. वर्षापूर्वी वर्कशॉपने ते पाळले नव्हते, हे काढलेल्या फाटक्या बुशवरून दिसत होते. धाकट्याने पाना खाली ठेवला. "हो, अण्णा," तो म्हणाला.

गाडी या वेळी मूळ उंचीपेक्षा सव्वा इंच खाली बसली. चार बोटांची फट अडीच बोटांवर आली. रविवारच्या मंडळींपैकी एकाने सुचवले, की अजून इंचभर सहज जाईल. धाकटा हसला. बदल झाल्याचे त्याने विमा कंपनीला कळवले, हेडलाइटचा झोत तपासून घेतला आणि त्याच गोल वळणावरून, त्याच सांध्यावरून, कोरड्या दिवशी सावकाश गाडी नेली. सांधा जाणवला. आवाज आला नाही. सून पुढच्या रविवारी आपणहून शेजारी येऊन बसली.

जूनमध्ये अण्णा आणि आई न्यू जर्सीला गेले. पाटे उचलून-उचलून अण्णांची कंबर गेली आहे. खाली बसताना त्यांना आधार लागतो. म्हणून त्यांनी त्या गाडीत बसावे असे धाकट्याला वाटत असूनही तो विचारीत नव्हता. चौथ्या दिवशी अण्णाच म्हणाले, "चल, बघू तुझे काम." दाराला धरून, एक पाय आत टाकून, ते हळूहळू बसले. टप उघडा होता. दोघे ट्रेंटनहून डेलावेअर नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याने लॅम्बर्टव्हिलपर्यंत गेले आणि परत आले. एका बाजूला नदी, दुसरीकडे झाडी, वाटेत ठिगळे मारलेला डांबरी रस्ता. अण्णा फारसे बोलले नाहीत. एका खड्ड्यावरून गाडी गेली तेव्हा त्यांनी सवयीने कंबरेवर हात नेला आणि मग तो तसाच परत मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर ते उतरले. गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी आले आणि तळहात मडगार्डवर टेकून त्यांनी सगळा भार देऊन गाडी दाबली व सोडली. दुकानासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीला ते असेच करीत. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. चारही कोपऱ्यांना त्यांनी तेच केले. चारही कोपरे एकेकदाच वर आले.

"महिन्याला किती पडले म्हणालास?"

"तेवीस डॉलर, अण्णा. पाच वर्षे धरली तर."

"सात धर," अण्णा म्हणाले आणि हात पुसत घरात गेले.